पानावर हात ठेवणाऱ्या बाई

पोर वाचायला लागलं की बाई हळूच आपला तळहात पुस्तकाच्या पानावर ठेवायच्या. पुरतं पान झाकून. पोराचं वाचणं चालूच. अक्षर दिसत नाही, ओळ दिसत नाही, तरी पोर फाडफाड वाचतंय. एक ओळ, दोन ओळी, कधी कधी अख्खा धडा. मग बाई हात न काढता म्हणायच्या, "म्हणू नको, वाच."

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं. आपल्या घरातल्या पोराचं पुस्तक घ्या आणि करून बघा. आमच्या घरात झालं तोवर मलाही त्यात काही वाटलं नव्हतं.

मी घोडपदेवचा. आमच्या चाळीच्या विहाराच्या हॉलची किल्ली माझ्याकडे असते. गोदीतनं रिटायर झालो तेव्हा मंडळाची पोरं म्हणाली, काका, तुम्ही तसेही दारात बसलेले असता, किल्लीपण तुमच्याकडेच ठेवा. रविवारी वंदना, संध्याकाळी पोरांची अभ्यासिका, मधे कुणाच्या लग्नाची बोलणी. सगळ्याला कुलूप मीच उघडतो. मी तिसरी पास. चौथी अर्धी सोडली, आणि पुढं गोदीत माल वर उचलायच्या विंचवर जन्म काढला. कमी शिकलो म्हणून कुणापुढं मान खाली घातली नाही आणि घालणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

बाई आमच्याकडे आल्या गिरगावातल्या फणसवाडीहून. आमच्या चाळीतली एक नर्स त्यांची जुनी विद्यार्थिनी, तिनं आणलं. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, आणि बोलणं असं स्वच्छ की आपण समोर बोलताना शब्द धुऊन घ्यावेत असं वाटावं. मला असली माणसं आवडत नाहीत. दुसऱ्याच्या वस्तीत येऊन पुण्य कमावणारी खूप बघितली. दोन महिने येतात, फोटो काढतात, जातात.

बाईंनी दारात मला नमस्कार केला. मी मुद्दाम म्हटलं, "जयभीम."

त्या थोड्या थांबल्या. मग आत गेल्या. दुसऱ्या दिवशी मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "जयभीम, दादा." म्हणताना अवघडल्या नाहीत की लाडात आल्या नाहीत. सहज म्हणाल्या. तरी मी विचारलंच, "तुमच्या गिरगावात पोरं संपली काय?"

"संपलीच," बाई म्हणाल्या. "आमच्या वाडीत आता निम्म्या खोल्यांत गोदामं आहेत. बॉक्सना काय शिकवू?"

महानगरपालिकेच्या मराठी शाळेत होत्या त्या. पोरं कमी कमी होत गेली. शेवटी शेवटी दर उन्हाळ्यात या बाई आणि त्यांच्याबरोबरच्या दोघी जिने चढत दारोदार जायच्या, तुमचं मूल आमच्या शाळेत घाला म्हणून. लोक पाणी द्यायचे, बसा म्हणायचे, मूल द्यायचे नाहीत. मग ती शाळा दुसऱ्या शाळेत मिळवली. बाई सांगायच्या, "माझी शाळा माझ्याआधी रिटायर झाली." हे सांगताना त्या हसायच्या. मी एकदा बघितलं, हसताना पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या, इतका घट्ट की बोट पांढरं पडलं.

आमच्या अभ्यासिकेत पोरांची कमी नव्हती. वह्यांचीही नव्हती. जयंतीला हार-फुलं आणू नका, वही-पेन आणा, असं आमच्याकडे सांगतात, आणि लोक खरंच आणतात. हॉलचं कपाट वह्यांनी भरलेलं. त्या वह्यांत पोरं काय लिहायची? फळ्यावरचं उतरवायची. शाळेतली मिस प्रश्न लिहिते, खाली उत्तर लिहिते, पोरं उतरवून घेतात, घरी पाठ करतात, परीक्षेत तेच लिहितात. सगळ्या इंग्लिश मिडीयमच्या शाळा. उत्तराचा अर्थ पोराला ठाऊक नाही, आईला तर नाहीच. पण मार्क पडतात. आणि आठवीपर्यंत नापास करत नव्हते, तेव्हा मार्क नाही पडले तरी पोर वर जातंच.

हे मी आता शहाणपणानं लिहितोय. तेव्हा माझी नात, श्रावस्ती, आम्ही श्रावू म्हणतो, ती सहावीत होती, आणि तिच्या निकालावर ए लिहून आलं की मी अख्ख्या मजल्याला जिलबी वाटायचो. संध्याकाळी ती इंग्लिश पुस्तक घेऊन बसली की मी शेजारच्याला हाक मारून ऐकवायचो. "बघ, मशीन आहे नुसती." मला काय कळतंय त्यातलं. पण कानाला बरं वाटायचं.

आणि त्याच पोरीच्या पानावर एके दिवशी बाईंनी हात ठेवला.

मी दारातल्या खुर्चीत. श्रावू इंग्लिश धडा वाचत होती. बाईंचा हात पानावर आला. श्रावू थांबली नाही. धडा संपला, खालचे प्रश्न आले, प्रश्नांची उत्तरं आली, तरी थांबली नाही. बाकीची पोरं खी खी करायला लागली. बाई हसल्या नाहीत. हात काढला आणि मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. "हा कुठला?"

श्रावू त्या शब्दाकडे बघत राहिली. मग हळूच पहिल्यापासून म्हणायला लागली, म्हणत म्हणत तिथपर्यंत पोचावं म्हणून.

बाईंनी दुसरं पुस्तक घेतलं, मराठी, दुसरीचं. श्रावूला तेही येईना. काना, मात्रा, वेलांटी ओळखीची, पण शब्द जुळत नव्हता. सहावीतली पोर, मराठी बोलणाऱ्या घरातली. घरात दिवसभर तोंड बंद नसतं तिचं.

मी उठलो. "काय चाललंय? पोरीला ए आहे. पोरगी घाबरली तुमच्या समोर."

"घाबरलीय, खरं आहे," बाई म्हणाल्या. "आणि तिला वाचता येत नाही, हेही खरं आहे. हुशार आहे म्हणून कुणाला कळलं नाही. मठ्ठ असती तर केव्हाच सापडली असती."

मी रागानं हॉलच्या बाहेर गेलो. घरी जाऊन कुणाला सांगितलं नाही. रात्री जेवताना श्रावूपुढं पेपर टाकला, हेडलाइनचा, मोठ्या अक्षरातला, आणि म्हटलं, काय म्हणतंय बघ. तिनं पेपरावरच्या फोटोकडं बघितलं आणि म्हणाली, "मॅच हरले, आजोबा." मॅच हरलेच होते. पण खाली ते लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना एवढंच म्हटलं, "किती दिवस लागतील?"

"घाई कुणाला आहे?" बाई म्हणाल्या. हे त्यांचं दुसरं वाक्य. पोर अडकलं, रडायला आलं, पेन्सिल आपटली, की हेच. घाई कुणाला आहे. आमच्या वस्तीत हे वाक्य म्हणणारं दुसरं कुणी माझ्या बघण्यात नाही.

बाईंनी पुस्तकं बाजूला ठेवली आणि पोरांना गल्लीत काढलं. पाट्या वाचायच्या. पुढं बाई, मागं पोरं, सगळ्यात शेवटी मी, कारण रस्त्यात गाड्या आणि बाईंचं लक्ष भिंतीवर. दवाखाना, पिठाची गिरणी, येथे कचरा टाकू नये. श्रावू पहिल्यांदा चित्र बघून सांगायची. गाय दिसली की दूध. पाटीवर दात दिसला की डॉक्टर. नाक्यावर एका पुढाऱ्याचा मोठा फ्लेक्स, हात जोडून हसणारा, बाजूला लहान लहान वीस तोंडं. बाईंनी विचारलं, काय लिहिलंय? सगळी पोरं एका सुरात ओरडली, "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा."

"वाचा," बाई म्हणाल्या.

बराच वेळ खटपट झाली. शेवटी एका पोरानं लावलं. सार्वजनिक शौचालय दुरुस्ती कामाचा शुभारंभ. पोरं रस्त्यातच लोळायला आली हसून. बाईपण हसल्या, पदर तोंडाला लावून. पानवाला मला म्हणाला, "काका, ही टोळी कुठली घेऊन फिरताय?" मी म्हटलं, "आमची शाळा आहे. तुझ्या पाटीत चूक आहे म्हणत होती पोरं." चूक नव्हती. पण तो नंतर उठून पाटी बघत उभा राहिला.

श्रावूला सगळ्यात भीती जोडाक्षराची. जोडाक्षर आलं की ती खांदे आखडायची, मार बसणार असल्यासारखी. बाई तिच्याजवळ बसून राहायच्या. सांगायच्या नाहीत. तुम्हाला माहीत आहे, पोर अडलं की आपण पटकन सांगून टाकतो. आपल्यालाच धीर नसतो. या बाई नुसत्या बसायच्या, पोरीकडं नाही, खिडकीकडं बघत, तिला लाज वाटू नये म्हणून. एकेका शब्दाला हॉलचं घड्याळ टकटक करत राहायचं. मी दारात बसून आतल्या आत म्हणायचो, सांगा आता, सांगून टाका. नाही सांगायच्या. आणि मग श्रावूच्या तोंडातून तो शब्द यायचा. तसा चेहरा मी तिच्या निकालाच्या दिवशीही बघितला नाही.

उन्हाळ्याची सुट्टी झाली, पावसाळा गेला, थंडी गेली. श्रावू सातवीची परीक्षा देत होती. मराठीत एखादी ओळ लावायला लागली होती. अडखळत, बोट ठेवून. पण झाकलं की थांबायची. एकदा बाईंनी पानावर हात ठेवला, आणि ती थांबली, आणि बाईंचं मनगट धरून तिनं हात बाजूला केला. बाईंनी माझ्याकडे बघितलं. बस, एवढंच.

माझी सून वैशाली परळला एका हॉस्पिटलात मावशी आहे. ड्यूटी करून येते, स्वयंपाक करते, भांडी घासते. तिला मी सगळं सांगितलं नव्हतं. बाई मराठी सुधारतायत, एवढंच सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "मराठीचं काय करायचंय, बाबा? इंग्लिशचं बघायला सांगा." मी म्हटलं, होईल. होईल म्हणण्यात माझं काय जात होतं.

मग जयंती आली.

दरवर्षी चाळीच्या तोंडाशी स्टेज बांधतात. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, लाइटिंग, साउंड. पोरांची भाषणं असतात. पूर्वी मराठीत असायची, आता सगळ्यांना इंग्लिशमध्ये हवी. मंडळाचा चिटणीस मंगेश, चांगला पोरगा आहे, बँकेत आहे, तो बाईंकडे आला. "बाई, यंदा तुमच्या बॅचचा एक आयटम. दोन मिनिटं इंग्लिशमध्ये. पाहुणे मोठे आहेत."

"पाठ करून घेणं मला जमत नाही रे," बाई म्हणाल्या. "वाचून दाखवतील."

"चालेल ना. वाचू दे. एकच आहे."

एकच नव्हतं. पण मंगेशला ते कुठं ठाऊक, आणि बाईंना वाटलं, ठाऊक आहे.

बाई किती वर्षं पोरांत काढलेल्या, पण चाळ त्यांना कळली नव्हती. त्यांना वाटलं, लोकांना आनंद होईल. त्यांनी श्रावूला पुढं केलं, कारण वाचण्यात सगळ्यात लांबचा पल्ला गाठलेली तीच होती. आणि स्टेजवर पाहुण्यांना म्हणाल्या, "विहारातल्या पुस्तकांच्या कपाटातलं कुठलंही मराठी पुस्तक घ्या, कुठलंही पान उघडा. ही वाचेल. तिनं हे पान आधी बघितलेलं नाही." पाहुणे खूश. त्यांनी पुस्तक मधेच उघडलं आणि श्रावूच्या हातात दिलं. मंगेशनं माइक खाली केला.

मी पहिल्या ओळीत. वैशाली बायकांत, पांढरी साडी, मोबाइल वर धरून व्हिडिओ काढत होती.

श्रावूनं बोट ठेवलं. "एके," म्हणाली. थांबली. "दि. दिव. दिवशी." थांबली. "स. सका. सकाळ. पासून."

मी खुर्चीच्या कडेला सरकून बसलो. पुढं जोडाक्षर होतं, मला तिच्या खांद्यांवरून कळलं. ते आखडले, आणि मग सुटले. "तळ्याच्या," ती म्हणाली. एका दमात. मी आयुष्यात गोदीवर कसले कसले बोजे वर गेलेले बघितले. असा बघितला नाही.

"काठा. काठावर. मा. माण."

मागनं एक बाई म्हणाली, "विसरली गं बिचारी." दुसरी म्हणाली, "बोल बाळा, घाबरू नको." आणि कुणीतरी टाळी वाजवली. भाषण विसरलेल्या पोराला सांभाळून घ्यायला आपण वाजवतो ना, तशी. मग सगळ्यांनी वाजवली. अख्खी चाळ टाळ्या वाजवत होती, प्रेमानं, पोरीची लाज झाकायला. श्रावूचं बोट पानावर तसंच. तिनं वर बघितलं. तिला वाटलं, संपलं.

बाई स्टेजच्या कडेला हात वर करून सांगत होत्या, "थांबा, वाचतेय ती. वाचतेय." कोण ऐकतंय. साउंडवाल्यानं गाणं लावलं. मी उठून त्याच्या अंगावर ओरडलो, ते गाण्यात बुडालं. पाहुण्यांनी श्रावूच्या गालाला हात लावला आणि माइकवर म्हणाले, "छान प्रयत्न. पुढच्या वेळी चांगली तयारी करून ये, हां बेटा."

ओळ अर्धीच राहिली.

घरी वैशाली ओट्याला टेकून रडत होती. "सगळ्या चाळीसमोर माझी पोरगी अडाणी ठरवली त्या बाईनं."

"अडाणी नाही ठरवली," मी म्हटलं. "पहिल्यांदा वाचत होती ती."

"सातवी झाली तिची, बाबा. सातवी. आणि पहिल्यांदा वाचत होती म्हणून मी नाचू?" तिनं नाक पुसलं. "मागच्या वर्षी इंग्लिशमध्ये बोलली तर सगळे माझ्याकडे येऊन विचारत होते, कुठल्या शाळेत आहे गं. आज तळमजल्यावरची मला म्हणते, टेन्शन घेऊ नको."

"ते इंग्लिश पाठ केलेलं होतं."

"असू दे. डॉक्टर लोक माझ्यासमोर माझ्याबद्दल इंग्लिशमध्ये बोलतात. मी मराठीत दहावी आहे, बाबा. वाचून, समजून, स्वतःच्या मनानं लिहून. काय झालं माझं? बेडपॅन उचलते."

मी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

मी श्रावूकडे बघितलं. ती गादीवर भिंतीकडे तोंड करून झोपली होती, म्हणजे झोपल्यासारखी. तिथूनच म्हणाली, "मी परत नाही जाणार त्या क्लासला. सगळे मला तळ्याच्या म्हणतात."

पोरं तशीच असतात. चाळीत तिचं नाव पडलं तळ्याच्या. महिनाभर चाललं.

बाकीच्या पोरांच्या आयांनीही वैशालीचं ऐकलं. उद्या आपल्या पोराला असं स्टेजवर उभं केलं तर. मंगेश बाईंना भेटला, अगदी नम्रपणे. म्हणाला, मंडळानं हॉलमध्ये स्मार्ट क्लास घ्यायचं ठरवलंय, मोठा स्क्रीन येणार, टॅब येणार, इंग्लिश-मॅथ्स सगळं त्यातच. "तुम्हाला रविवारी सकाळ ठेवतो ना, बाई. वंदना झाली की."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या.

मी मंगेशला नंतर धरलं. "अरे, किल्ली माझ्याकडे आहे. उघडतच नाही हॉल."

"काका, हॉल मंडळाचा आहे. आणि तुमच्या सूनबाईचं नाव पहिलं आलंय स्मार्ट क्लासला."

उघडावाच लागला. स्क्रीन आला. त्यात एक कार्टूनचं माकड गणित सांगतं आणि बरोबर उत्तराला फटाके उडतात. पोरं खिळून बसतात. आवाज न करता बसतात, हे आयांना फार आवडतं.

बाई रविवारी यायच्या. वंदना झाली की लोक हॉल झाडून घरी जायचे आणि बाई पायरीवर बसायच्या, शेजारी पिशवी. पोरं समोरून क्रिकेटला जायची. "हाय बाई." "हाय," बाई म्हणायच्या. कुणाला बोलावलं नाही. मी चहा आणायचो. एका रविवारी त्यांनी विचारलं, "दादा, श्रावस्ती काय करते आता?"

"पाठ करते," मी म्हटलं.

बाईंनी कप पायरीवर ठेवला. मग म्हणाल्या, "घाई या आयांना आहे. नसून कसं चालेल त्यांना? माझी पेन्शन येते, मला नाही घाई."

त्यांच्या तोंडून असलं काही मी कधी ऐकलं नव्हतं. आणि मग पुढच्या काही रविवारी त्या आल्या नाहीत.

मी कुणाच्या दाराला स्वतःहून जात नाही. पण गेलो. फणसवाडीत जिना चढताना दोन्ही बाजूंना गोदामांची शटरं, पार्सलांचे ढीग, चिकटपट्टीचा वास. वर तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि मागं एक खोली. बाईंचा गुडघा सुजलेला. उठू नका म्हटलं तरी उठल्या, चहा टाकला. कप कुठला देतात ते मी बघितलं. माझ्या वयाचा, माझ्या जातीचा माणूस बघतोच. त्यांच्या कपाच्या जोडीचाच होता, आणि त्यांनी स्वतः घेतला तो टवका उडालेला.

"श्रावस्तीला आणायचं होतं तुमच्याबरोबर," त्या म्हणाल्या.

"तिची परीक्षा आहे."

"असेल." मग गुडघा चोळत, "ती त्या दिवशी तळ्याच्या कशी म्हणाली, ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"दोघांनीच," बाई म्हणाल्या.

भाचा त्यांना डोंबिवलीला नेणार होता, लिफ्ट आहे म्हणून. खोलीतल्या पेट्या बांधलेल्या होत्या. मी जिना उतरलो तेव्हा खाली एक पोऱ्या पार्सलवर स्टिकर लावत होता, एकसारखे, न बघता.

त्यानंतर बाई भेटल्या नाहीत.

श्रावू आता नववीत आहे. ए नाही, पण चांगले मार्क आहेत. स्मार्ट क्लास सोडून मोठ्या क्लासला जाते, दादरला. मोबाइल घेतला तिला, क्लासचं सगळं त्यावरच येतं म्हणे. इंग्लिश बोलते, मध्येच हिंदी, मध्येच आमचं मराठी, असं भराभर बोलते की वैशाली नुसती तोंडाकडे बघते. वैशाली समाधानी आहे. मी तिच्या समाधानात पाय घालत नाही. मराठीची ती ओळ लावायची तेवढी सवयही गेली. मी कधी एखादा कागद पुढं केला की म्हणते, "आजोबा, नंतर." नंतर कधी येत नाही.

गेल्या आठवड्यात सकाळी पेपर आला. आतल्या पानावर, खाली, लहान चौकटीत, बाईंचा फोटो. तरुणपणचा होता, दोन वेण्या, पण ओठ मिटायची तऱ्हा तीच. मी बोट ठेवून सगळं वाचलं. मग परत वाचलं. नाव वाचताना अडखळलो, कारण आमच्याकडे त्यांचं नाव कुणी घेतलंच नव्हतं. लहानथोर सगळे बाईच म्हणायचे.

श्रावू क्लासला निघाली होती, दारात बसून बुटाच्या लेस बांधत होती. मी पेपर तिच्यापुढं ठेवला. "एवढं वाच," म्हटलं. का म्हटलं, सांगता येत नाही. बाईंचं जे काही छापून आलंय ते तिच्या तोंडून ऐकावं, असं वाटलं.

"उशीर होतोय, आजोबा."

"चारच ओळी आहेत."

तिनं एका हातानं मोबाइल काढला, चौकटीवर धरला, कुठंतरी अंगठा दाबला आणि मोबाइल पेपरावर उलटा ठेवून परत लेसकडे वळली. मोबाइल बोलायला लागला. बाईचाच आवाज होता, कुणा दुसऱ्या बाईचा, गोड, स्वच्छ, कुठल्याही गावचा नसलेला. नाव, वय, कुठल्या शाळेत नोकरी केली, मागं कोण आहे, शोकसभा कधी, कुठं. कुठं न थांबता. जोडाक्षरं आली आणि गेली. चार ओळी बोलून झाल्या आणि गप्प झाला.

श्रावूनं दुसऱ्या बुटाची गाठ मारली, मोबाइल उचलून खिशात घातला, दप्तर पाठीला लावलं.

"कोण वारलं, आजोबा?" तिनं विचारलं. आणि खालून मैत्रिणीची हाक आली म्हणून, मी सांगेपर्यंत, जिना उतरून गेलीसुद्धा.